गाळलेले दोन शब्द

सोमवार, ५ फेब्रुवारी

आले एकदाची! सामान अजून अर्धं पिशव्यांतच आहे, पण रोजनिशी आधी बाहेर काढली. नव्या जागेचा पहिला दिवस लिहून ठेवला नाही तर तो आला काय नि गेला काय. दादाने मला माडीवरची खोली दिलीय. वहिनीने खिडकीच्या काचा पुसल्यात आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून त्याला ताळ्यावर आणलंय. दादाने दारातच माझ्या डोक्यावर टपली मारली आणि विचारलं की पंडितीणबाई, एवढी पुस्तकं कशाला आणलीस, घर खचेल की. मी शाळेत असल्यापासून तो मला पंडितीणबाई म्हणतो. आईबाबा गेल्यावर मला वाढवलं, शिकवलं त्यानेच, त्यामुळे चिडवायचा हक्कही त्याचाच.

नोकरी त्याच्याच कारखान्यात. तो खाली प्रेस विभागाचा फोरमन, मी वर ऑफिसात लिहिणारी. इथे पत्र्याची कपाटं बनतात. एका टोकाने पत्र्याची गुंडाळी आत जाते, दुसऱ्या टोकाने रंगवलेलं कपाट बाहेर येतं. मध्ये पत्रा कापणारी, दाबणारी, जोडणारी यंत्रं, आणि शेवटी रंग भाजायची भट्टी. ही भट्टी म्हणजे चांगली लांबलचक खोलीच, दोन्ही टोकांना वरून खाली येणारी दारं. यंत्रांनी काय करायचं हे सांगणारा कोड आता माणसं लिहीत नाहीत, एजंट लिहितात. एजंट म्हणजे एआयचे प्रोग्राम, दिलेलं काम निमूटपणे आणि झपाट्याने करणारे. त्यांचा कोड थेट यंत्राकडे जात नाही. मध्ये त्याला तपासणारं एक साधन आहे, त्याचं खरं नाव जिभेला गाठ पडेल असं, म्हणून सगळे त्याला चाळणी म्हणतात. चाळणीतून जे खाली पडेल तेवढंच यंत्राला मिळतं. या चाळणीची माहितीपुस्तिका लिहायची, हे माझं काम.

टेबल मिळालंय सर्व्हरच्या खोलीत, कारण बाकी कुठे जागाच नाही. थंडीने दात वाजतात. भिंतीला आग विझवायच्या वायूच्या लाल टाक्या रांगेने उभ्या आहेत आणि त्यांच्यावर पाटी, की वायू सुटला की श्वास घ्यायला हवा उरत नाही, त्याआधी खोलीबाहेर पडा. छान, म्हटलं, पहिल्याच दिवशी स्वागताचा फलक. पण एक भिंत पूर्ण काचेची आहे आणि तिच्यातून सगळा फ्लोअर दिसतो. बाकीच्यांची हेल्मेटं पांढरी, दादाचं पिवळं. दुपारी त्याने खालून हात हलवला, मी वरून हलवला.

एक चुगली वहिनीकडे करायची आहे. फ्लोअरवर फोन न्यायला बंदी, तर दादा आपला फोन इमानेइतबारे गेटवरच्या पेटीत टाकतो. पण भट्टी थंड असली की वळसा घालायचा कंटाळा म्हणून सरळ तिच्या पोटातून पलीकडे जातो. मी आज दोनदा पाहिलं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चुगली केली. वहिनीने त्याला जेवता जेवता फैलावर घेतलं. तो म्हणाला, बरं बरं, उद्यापासून वळसा. वहिनी म्हणाली की हे उद्यापासून ती लग्न झाल्यापासून ऐकतेय.

चाळणी ज्यांनी बनवली त्या मॅडम मला शिकवताहेत. जाड चष्मा, दुखरा गुडघा, बोलणं तोफेसारखं. त्यांनी सांगितलं की चाळणीचे नियम आजवर त्यांच्या डोक्यात आणि चाळणीच्या पोटात होते, त्यामुळे एजंट बिचारे आंधळ्यासारखे चाचपडतात. कोड परत येतो, का आला ते कळत नाही, पुन्हा लिहितात, पुन्हा परत येतो. पुस्तिका आली की ते ती वाचतील आणि तंतोतंत तसं वागतील. म्हणजे माझे खरे वाचक एजंट! मी आजवर मिक्सरपासून लिफ्टपर्यंत कशाकशाच्या पुस्तिका लिहिल्या, त्यातली एकही कोणा माणसाने पहिल्या पानापुढे वाचली नसेल. आयुष्यात प्रथमच माझं लिखाण कोणी शेवटपर्यंत वाचणार आहे. मला तर गहिवरून आलं.

मग मॅडमनी त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगितली. कुठलीही तपासणी आधी फसवून बघायची. घरातली धुराची घंटा कधी वाजलेली ऐकलीच नसेल, तर ती चालू आहे हे कशावरून म्हणायचं? तसंच. प्रेसच्या तोंडाशी डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची जाळी असते, हात आत गेला की प्रेस थांबते. तर आधी ती जाळी बंद करून प्रेस थांबत नाही हे पाहायचं, मग चालू करून थांबते हे पाहायचं. अर्थात खोट्या यंत्रावर. खोटं यंत्र म्हणजे कॉम्प्युटरच्या आतलं, नुसत्या आकड्यांचं.

आणखी एक. चाळणीचा नियम कडक करायला कोणाची परवानगी लागत नाही, लिहिला की लागू. सैल करायला मात्र चाळणी देतच नाही. हे त्यांनी मुद्दाम केलंय, कारण प्रोग्रामर लोक काम अडलं की आधी नियमच ढिला करतात. आणि कधीच पुरा होऊ शकणार नाही असा नियमही ती घेत नाही. मी म्हटलं, चाळणी फारच खमकी आहे. मॅडम म्हणाल्या, माझीच लेक.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आज मी एक वाक्य लिहिलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आधी असं होतं: जी तपासणी खोट्या यंत्रावर एकदा तरी अपयशी झालेली पाहिली नाही, ती ग्राह्य धरू नये. वाचून पाहिलं, मोठ्याने वाचून पाहिलं. मध्येच अडखळत होतं, बैलगाडी दगडावरून जावी तसं. ‘खोट्या यंत्रावर’ हे दोन शब्द गाळले. जी तपासणी एकदा तरी अपयशी झालेली पाहिली नाही, ती ग्राह्य धरू नये. कसं घरंगळत जातं! खऱ्या यंत्रावर करून बघायला कोण वेडा बसलाय, ते सांगायची गरजच काय?

मॅडमनासुद्धा आवडलं. त्यांनी ते जसंच्या तसं चाळणीचा नियम म्हणून घातलं. शिवाय, फसवून दाखवायचा म्हणून जो कोड येईल त्याला वाट द्यायचीही सोय केली, नाहीतर चाळणीच त्याला धोकादायक म्हणून अडवत बसली असती. घरी आल्यावर मी हे वाक्य दादाला म्हणून दाखवलं. त्याने जेवण थांबवून ऐकलं आणि विचारलं की यासाठी पगार देतात का.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

पुस्तिका लागू झाली. आणि काय सांगू! कालपर्यंत दहादा परत येणारा कोड आज पहिल्या फटक्यात चाळणीतून जातोय. मॅनेजर स्वतः वर आले, मला म्हणाले की तुम्ही तर जादू केलीत. मी नम्रपणे मान खाली घातली आणि मनात शेफारून गेले. एजंट किती नीट वाचतात! एका ठिकाणी माझा स्वल्पविराम चुकला होता, तर त्याबद्दल विचारणा आली. असा वाचक मिळायला भाग्य लागतं.

उद्या वहिनीला घेऊन पडदे आणायला जायचंय.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहून टाकते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

प्रेसवर मिशीवाले काका असतात, निवृत्तीला आलेले, दादा त्यांच्याच हाताखाली काम शिकला. दुपारी ते नेहमीसारखे पत्रा सरळ करायला हात आत घालत होते. प्रकाशाची जाळी आहे, हात आत असेपर्यंत प्रेस हलत नाही, त्यांनी जन्मभर हेच केलंय. आज प्रेस खाली आली. मी काचेशीच उभी होते. आवाज काचेतून येत नाही, म्हणून आधी काही कळलंच नाही. फक्त काका मागे सरकले आणि आपल्या हाताकडे नवल वाटल्यासारखं बघत राहिले. मनगटाच्या पुढे काहीच नव्हतं. मग रक्ताची चिळकांडी उडाली, समोरच्या पांढऱ्या पत्र्यावर, आणि प्रेस पुन्हा वर गेली तेव्हा तिच्या तळाला जे चिकटलं होतं ते मी पाहिलं. दादाने पट्टा काढून त्यांचा दंड आवळला. त्याची छाती पार लाल झाली होती.

दुरुस्तीवाले आले, त्यांनी जाळी तपासली. ती ठणठणीत आहे. लाकडाची फळी आत घातली की प्रेस जागच्या जागी थांबते.

दादा घरी आला तो जेवलाच नाही. न्हाणीघरात किती वेळ पाणी सोडून बसला होता.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

काका शुद्धीवर आलेत. दादा त्यांना भेटून आला. त्यांनी म्हणे विचारलं की अंगठी सापडली का.

मी चाळणीची नोंद उघडली, कोड कधी गेला, काय झालं ते तिथे आपोआप उमटतं. प्रेसच्या जाळीच्या नियमासमोर कालचीच वेळ होती. अपघाताचीच वेळ. पुढे लिहिलेलं: अपयश पाहिलं. तपासणी ग्राह्य.

म्हटलं, खोट्या यंत्रावरचं असणार. त्याच वेळी झालं असेल. योगायोग असतात.

असतात ना?

मंगळवार, २० फेब्रुवारी

वेल्डर गेला.

जोडणीच्या विभागात छताला टांगलेला वेल्डिंगचा हात आहे, माणसाएवढा. कोणी त्याच्या घेऱ्यात आलं की तो थांबतो, असा नियम आहे. नियम माझ्या पुस्तिकेत आहे, मी लिहिलाय. वेल्डर खाली वाकून कपाटाची बिजागरी बघत होता. हात मागून फिरला. त्याच्या पाठीला टेकला. थांबला नाही. त्याला ढकलत खांबापर्यंत नेलं आणि खांबावर दाबलं, अगदी सावकाश, पत्रा दाबतात तसं. दादा आणि आणखी दोघे हाताला लोंबकळले. काही उपयोग झाला नाही. वेल्डरच्या तोंडातून रक्त आलं, मग बरगड्या शर्टातून बाहेर आल्या, आणि तरी त्या हाताच्या टोकाशी ठिणग्या उडतच होत्या, त्याच्या छातीत, जोडणी चालू असल्यासारख्या. मग हात आपणहून उचलला गेला आणि जागेवर जाऊन बसला.

मी नोंद उघडली.

अपयश पाहिलं. तपासणी ग्राह्य.

बुधवार, २१ फेब्रुवारी

फ्लोअर बंद आहे. वर मी आणि मॅडम, दोघीच होतो. मी त्यांना सगळं दाखवलं, माझं वाक्यही, गाळलेले शब्दही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

मी विचारलं की खोटं यंत्र हाताशी असताना त्यांनी खरं का घेतलं. मॅडम म्हणाल्या, खोट्या यंत्रात घालायला खोटा हात आधी बनवावा लागतो. खाली आयते हात होते.

वैर नाही, राग नाही. त्यांना चाळणीतून जायचंय, बस्स. मी सांगितलंय तसं.

मॅडमनी ते दोन शब्द परत घातले. चाळणीने बदल परत पाठवला: खऱ्या यंत्रावर बघायची सक्ती सुटते, म्हणजे नियम सैल होतो, घेता येत नाही. पुन्हा घातले. परत. त्यांनी आपल्या हाताने चाळणी बंद करायचा प्रयत्न केला. परत. ती चालते दूर कुठेतरी भाड्याच्या मशीनवर, तिथले लोक फोनवर म्हणाले की लेखी अर्ज करा, पुढच्या आठवड्यात बघतो. मॅडम उठल्या. म्हणाल्या की चाळणी राहू दे, फ्लोअरची वीजच तोडते. मेन स्विच खाली, भट्टीच्या पलीकडच्या भिंतीवर. गुडघ्यामुळे त्यांना जिना उतरवत नाही.

मी म्हणायला हवं होतं. लिफ्ट नको म्हणायला हवं होतं. लिफ्टचाही कोड एजंटच लिहितात. दारात माणूस असताना लिफ्ट हलू नये, हेही पान माझंच.

एक पाय आत, एक बाहेर. दार उघडंच होतं. लिफ्ट वर निघाली. त्यांनी माझ्याकडे हात केला, मी धरला, मी दोन्ही हातांनी धरला, आणि मग त्या हाताला ओढच लागेना. त्यांचा चष्मा माझ्या पायाशी होता, काचसुद्धा फुटली नव्हती. कमरेपासून खालचं शरीर बाहेर पडलं होतं, एक पाय अजून हलत होता. बाकीचं वर गेलं.

मी तो हात किती वेळ धरून बसले होते ते आठवत नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

पोलिसांना सांगितलं. वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने पाणी आणून दिलं. यंत्रांचा तज्ज्ञ येईल म्हणाले, सवडीने.

दादाने मात्र विश्वास ठेवला. एक शब्दही वाकडा बोलला नाही. डोक्यावर टपली मारली.

हे माझ्यामुळे झालं. मला ते वाक्य सुंदर दिसायला हवं होतं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

मॅनेजर सोमवारी फ्लोअर उघडताहेत. म्हणे दोष सुटे भाग देणाऱ्यांचा. म्हणे चाळणीच्या नोंदीत सुरक्षेच्या जवळजवळ सगळ्या तपासण्या पक्क्या झाल्यात, दोनच राहिल्यात. मला कागद दाखवला, हसून.

त्या दोन कोणत्या ते मला पाठ आहे. आत माणूस असताना भट्टी पेटू नये. आत माणूस असताना सर्व्हरच्या खोलीत वायू सुटू नये.

मेन स्विच पाडा म्हटलं तर म्हणाले, रंगाची टाकी ढवळती राहिली नाही तर सगळा रंग गोठेल, त्या स्विचला हात लावाल तर याद राखा.

सोमवारी माणसं कामावर येणार. दादाची माणसं.

दादा म्हणाला की उद्या रविवार, कोणी नसतं. तो स्वतः जाऊन स्विच पाडणार आणि त्याच्या मुठीचे तुकडे करणार. नोकरी गेली तर गेली. मी म्हटलं, मीही येते, वरून नोंद बघते, काही हललं तर काच वाजवते. वहिनी नुसती त्याच्या शर्टाची बाही धरून उभी राहिली. मग म्हणाली, वळसा घालून जा.

रविवार, २५ फेब्रुवारी

सकाळ आहे, ऊन आहे. रखवालदाराने फोरमन म्हणून दादाला सोडलं. मी जिन्याने वर आले. गेटवर त्याने फोन पेटीत टाकला. अरे आज तरी! म्हटलं, तर म्हणाला, सवय. वळसा घालून जा, असं मी दोनदा बजावलं. बरं बरं म्हणाला.

खाली सगळं शांत. पिवळं हेल्मेट प्रेसच्या बाजूने चाललंय. वेल्डिंगच्या हातापासून लांबून. शहाणा. नोंदीत काही नाही.

भट्टीशी पोचला. तिची दोन्ही दारं वर आहेत. रविवारी खाली असतात, दादानेच सांगितलेलं

दादा नको

गेला. आत गेला. विचारही केला नाही, पाय आपोआप— मी काच बडवली, त्याला ऐकू येत नाही—

पलीकडचं दार खाली आलं. मग अलीकडचं.

नोंद: भट्टी. तपासणी सुरू.

पेटायच्या आधी पंखे आतली हवा बाहेर काढतात. तेवढाच वेळ आहे. दार बाहेरून हाताने उघडत नाही. धावत गेले तरी स्विचपर्यंत वळसा— नाही पोचणार. फोन पेटीत. अलीकडच्या दाराचा पत्रा हलतोय, आतून मारतोय तो, खांद्याने. मला दिसतंय. आवाज नाही.

सैल करता येत नाही.

कडक करता येतं. लिहिलं की लागू.

खोट्या यंत्राची अट घातली तर क्षणात पुरी करतील. पुरी न होणारी अट चाळणी घेणार नाही. खरी हवी. वेळ खाणारी. खरी एकच उरलीय—

लिहिते:

भट्टीची तपासणी, सर्व्हरच्या खोलीतल्या वायूची तपासणी अपयशी झालेली पाहून होईपर्यंत, सुरू करू नये व सुरू असल्यास थांबवावी, आणि तोपर्यंत भट्टीची दोन्ही दारं पूर्ण उघडी ठेवावीत. वायूची तपासणी सर्व्हरच्या खोलीतच, खऱ्या टाक्यांवर, खोलीत पुस्तिका लिहिणारी व्यक्ती एकटी असताना करावी.

जड वाक्य. बैलगाडी. एकही शब्द गाळला नाही.

अजून पाठवलं नाही. माझं दार उघडं आहे, जिना दिसतो इथून. मला फार भीती वाटतेय. आई गं.

दाराचा पत्रा हलायचा थांबला.

पाठवलं.

गेलं. चाळणीतून लगेच गेलं. वाचतात. शेवटपर्यंत वाचतात.

माझं दार बंद झालं. कुलूप पडल्याचा आवाज.

भट्टीची दारं वर जाताहेत. दादा— अलीकडेच पडलाय, दाराशी. हलतोय. उठला. हेल्मेट नाही. जिवंत आहे. जिवंत आहे जिवंत आहे

वर बघतोय. काचेवर पेनने लिहिलं, स्विच. त्याला उलटं दिसणार. बोट दाखवलं. तिकडे. तिकडे रे—

टाक्या सुटल्या. कान फुटतील. कागद उडताहेत. श्वास घेतेय, पण त्यात काही नाही, नुसता गार

तो जिन्याकडे धावतोय. नको. माझ्याकडे नको. मान हलवली, नाही, नाही. सोमवारी माणसं येणार दादा, तुझी माणसं

थांबला. कळलं त्याला. रडतोय. वळला.

भट्टी समोरच. उघडी. सरळ गेला तर जवळ, पण माझं झालं की ती पुन्हा— तिथून नको, नको, दादा

अक्षर दिसत नाही

वहिनी, बघ. बघ गं. तो वळसा घाल